रेडिंगच्या सुइणींचा प्रश्न

१९२२ साली अमेरिकेतल्या जॉन्स्टन आणि सिडॉल या दोन डॉक्टरांनी एक साधी चाचणी प्रसिद्ध केली. बाळंतपणासाठी आलेल्या बाईच्या गुह्यांगावरचे केस वस्तऱ्याने साफ काढायचे, हा रिवाज तेव्हा रुग्णालयांत पक्का झालेला होता. केसांत जंतू राहतात, केस गेले की बाळंतज्वर टळेल, हा त्यामागचा हिशेब. या दोघांनी ३८९ बायकांचा आळीपाळीने क्रम लावला. एकीला वस्तरा, पुढचीचे केस फक्त कात्रीने कमी. मग ताप कोणाला येतो ते पाहिलं. वस्तऱ्याचा काही फायदा दिसला नाही. १९६५ मध्ये आणखी एका छोट्या चाचणीतही तेच दिसलं. तरीही १९८० उजाडलं तेव्हा ब्रिटनच्या कितीतरी प्रसूतिगृहांत कळा देत असलेल्या बाईला दाखल होताच वस्तरा लागत होता, एनिमा दिला जात होता, आणि केस परत येतानाची खाज आणि चरचर ती पुढे कित्येक दिवस सोसत होती. बाळंतपणाच्या आधुनिक इतिहासाकडे पाहताना मला ही ५८ वर्षं सर्वांत महत्त्वाची वाटतात. पुरावा पडून होता, तो वाचायला येणारी माणसंही होती. पण ज्यांच्या हातून तो वस्तरा फिरत होता आणि ज्यांच्या अंगावरून फिरत होता, त्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता. ब्रिटनमधल्या बायकांचं बाळंतपण १९८० नंतर बदलत गेलं त्याचं मूळ कारण हा अधिकार सुइणींनी मिळवला हे आहे, असं मला वाटतं.

आधी तिथली परिस्थिती समजून घ्यायला हवी. १९०२ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये सुइणीच्या व्यवसायाला नोंदणी आली, परीक्षा आली, नियामक मंडळ आलं. सुईण साध्या बाळंतपणाची स्वतंत्र जबाबदार झाली, पण घरात. १९६० च्या सुमारास तिथली साधारण तीनातली एक बाई घरीच बाळंत होत असे. पुढच्या वीस वर्षांत हे प्रमाण शंभरात एक-दोनवर आलं. १९७० च्या पील समितीने तर सगळीच बाळंतपणं रुग्णालयात व्हावीत इतक्या सोयी उभारा, असं सांगितलं. रुग्णालयात आल्यावर सुईण डॉक्टरांच्या उतरंडीत बसली. तिने तपासलेलं पोट डॉक्टर पुन्हा तपासू लागले आणि तिचा निर्णय वॉर्डच्या नियमावलीत विरून गेला. सेरा रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरच्या सुइणींची पाहणी करून १९८३ मध्ये हेच दाखवून दिलं: शिक्षण एका कामाचं, आणि प्रत्यक्षात करू दिलं जातं ते भलतंच.

इथे एक आक्षेप लगेच येतो आणि तो हलका नाही. रुग्णालयांनी बायका वाचवल्या, मग तिथल्या रिवाजांवर बोट ठेवण्यात काय अर्थ? बायका वाचल्या हे खरंच. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये दर हजार बाळंतपणांमागे सुमारे चार आया दगावत, आणि हा आकडा कित्येक दशकं जवळपास हललेला नव्हता. तो कोसळला तो १९३६-३७ नंतर. लंडनच्या क्वीन शार्लट्स रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुक यांनी सल्फा औषधाने बाळंतज्वर बरा करून दाखवला. मग पेनिसिलिन आलं, रक्तस्राव थांबवणारं अर्गोमेट्रिन आलं, रक्तपेढ्या आल्या. जीव वाचवले ते या गोष्टींनी, आणि त्यांचं श्रेय देताना हात आखडता घेण्याचं कारण नाही. पण त्या यशाच्या सावलीत वस्तरा, एनिमा, उताणं झोपवणं, नवऱ्याला बाहेर ठेवणं हे सगळं तपासणीवाचून सुरक्षित झालं. औषधाला पुरावा मागितला गेला, रिवाजाला कोणी मागितला नाही. नॉटिंगहॅमच्या संख्याशास्त्रज्ञ मार्जरी ट्यू यांनी सरकारी आकडे मांडून घर आणि रुग्णालय यांची तुलना केली, आणि सगळ्यांनी रुग्णालयातच बाळंत व्हावं या धोरणाला आकड्यांचा आधार दिसत नाही असं म्हटलं, तेव्हा त्यांचा लेख छापून आणायलाही त्यांना झगडावं लागलं.

बायका मात्र गप्प नव्हत्या. १९६० मध्ये सॅली विलिंग्टन या बाईंनी वर्तमानपत्राला पत्र लिहून रुग्णालयातल्या गरोदर बायकांच्या वागणुकीबद्दल तक्रार केली. पत्रांचा ओघ लागला आणि त्यातून एक संघटना उभी राहिली. तिचं पहिलं नावच गरोदर स्त्रियांवरच्या क्रूरतेला प्रतिबंध करणारी संस्था असं होतं. जनावरांवरची क्रूरता थांबवणाऱ्या संस्थेच्या धर्तीवर हे नाव घेतलं होतं आणि त्यातला राग लपलेला नव्हता. १९७० च्या दशकात औषध देऊन कळा आणण्याचं प्रमाण इतकं वाढलं की १९७४ मध्ये इंग्लंड-वेल्समधली दर पाचांतली जवळपास दोन बाळंतपणं तशी होत होती. मानववंशशास्त्रज्ञ शीला किट्झिंगर यांनी अशा बायकांची मनोगतं गोळा करून १९७५ मध्ये छापली, आणि १९८१ मध्ये हजाराहून अधिक बायकांचे टाक्यांचे अनुभव. आठवडेच्या आठवडे नीट बसता न येणं, बाळाला पाजताना कुशी बदलता न येणं, नवऱ्याजवळ जाण्याची भीती, हे सगळं त्यात होतं. यावर वैद्यकातून ठरलेलं उत्तर येई: तक्रार करणाऱ्याच बायका लिहितात, आणि वेदना काय, प्रत्येकीची वेगळी. पद्धतशास्त्राच्या दृष्टीने या उत्तराचा पहिला भाग चुकीचा नव्हता. ज्या स्वतःहून लिहितात त्या सगळ्यांच्या प्रतिनिधी असतीलच असं नाही. म्हणून नुसती तक्रार पुरी पडत नव्हती. तिचं रूपांतर डावलता येणार नाही अशा प्रश्नात करणारं कोणीतरी हवं होतं, आणि तो प्रश्न रोज रात्रपाळीला हातात कात्री घेऊन उभ्या असलेल्या बाईखेरीज कोणाला नेमका मांडता आला असता?

१९७९ मध्ये सुइणींच्या संशोधनाच्या स्वतंत्र परिषदा सुरू झाल्या. सेरा रॉबिन्सन आणि ॲन थॉमसन यांनी त्या उभ्या केल्या. त्याआधीच्या वर्षी ऑक्सफर्डला नवजात आणि माता यांच्या आरोग्याच्या साथशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र निघालं होतं आणि त्याचे प्रमुख इयन चाल्मर्स होते. गाझामधल्या निर्वासितांच्या दवाखान्यात काम करताना, वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेलं काही प्रत्यक्षात रुग्णांच्या जिवावर उठतं हे चाल्मर्स यांनी पाहिलं होतं, आणि अधिकाराच्या आवाजावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. त्यांच्या केंद्राने सुइणींना दार उघडं ठेवलं. त्याच सुमारास मोना रोम्नी यांनी वस्तऱ्याचा प्रश्न पुन्हा काढला. १९८० च्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच हल्ला हा शब्द होता, पुढे प्रश्नचिन्ह ठेवून. पुढच्या वर्षी गॉर्डन यांच्यासोबत त्यांनी एनिमा तपासला. एनिमाने बाळंतपण लवकर होत नाही, आणि ज्या घाणीपासून बचाव म्हणून तो देतात तिच्यातही त्याने फारसा फरक पडत नाही. १९२२ च्या चाचणीत न दिसलेली एक गोष्ट इथे होती. ज्या बाईवर हा प्रकार होतो तिला काय वाटतं, हा विचार आता शोधनिबंधाच्या आत आला होता.

मग रेडिंग. लंडनच्या पश्चिमेला असलेल्या या गावातल्या रॉयल बर्कशर रुग्णालयात जेनिफर स्लीप या सुईण होत्या. त्यांनी हाताशी घेतलेला प्रश्न छेदाचा होता. बाळाचं डोकं बाहेर येताना योनीमुखाशी कात्रीने चीर द्यायची, म्हणजे वेडंवाकडं फाटणार नाही, सरळ चीर नीट शिवता येईल, ओटीपोटाचे स्नायू पुढे सैल पडणार नाहीत. ही कल्पना जुनी होती. डब्लिनचे फील्डिंग ओल्ड यांनी १७४२ मध्येच अडलेल्या बाळंतपणासाठी ती लिहून ठेवली होती. पण अडचणीतला उपाय म्हणून लिहिलेली गोष्ट विसाव्या शतकात सरसकट झाली. शिकागोचे जोसेफ डीली यांनी १९२० मध्ये छेद आणि चिमटा हे दोन्ही प्रतिबंध म्हणून वापरावेत असं सांगितलं. ब्रिटनमध्ये १९६७ पासून सुइणींनाही छेद घेण्याची परवानगी मिळाली, आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत प्रमाण दुपटीने वाढून निम्म्यावर पोचलं. फायदा होतो की नाही हे तोवर कोणी नीट मोजलेलं नव्हतं.

स्लीप यांनी एड्रियन ग्रँट, डायना एलबोर्न, जो गार्सिया, चाल्मर्स आणि इतरांच्या साथीने आखलेली चाचणी मला फार सुंदर वाटते, कारण तिची भाषा खोलीतल्या सुइणीला कळणारी होती. बाळंतपण सुखरूप होईल अशा १००० बायका, दिवस भरलेल्या, बाळ एकच आणि डोक्याकडून येणारं. बाळ येण्याच्या बेतात असताना बंद लिफाफा उघडायचा. आतल्या सूचना दोन प्रकारच्या. एका गटात सुइणीने छेद टाळण्याचा प्रयत्न करायचा, दुसऱ्या गटात फाटणं टाळण्याचा. बाळाला धोका दिसला तर कात्री दोन्हीकडे मोकळी. म्हणजे सुइणीच्या हातातलं कसब बाजूला न सारता, त्या कसबाचा रोख कुठे असावा एवढंच चाचणीने बदललं. १९८४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष आले. पहिल्या गटात १० टक्के बायकांना छेद लागला, दुसऱ्या गटात ५१ टक्के. काहीही इजा न होता बाळंत झालेल्या पहिल्या गटात ३४ टक्के, दुसऱ्यात २४. बाळांच्या प्रकृतीत फरक नाही. दहाव्या दिवशी आणि तीन महिन्यांनी विचारलं तर दोन्हीकडे वेदना सारख्याच. महिन्याभरात नवऱ्याजवळ जाऊ शकलेल्या बायका पहिल्या गटात ३७ टक्के, दुसऱ्यात २७. तीन वर्षांनी पुन्हा प्रश्नावली पाठवली, खोकताना-शिंकताना लघवी सुटते का विचारलं. छेदाने जे वाचतं असं पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं होतं, ते वाचल्याचं दिसलं नाही.

यावर म्हणता येतं, आणि तेव्हा म्हटलंही गेलं, की वेदना सारख्याच असतील तर एवढा गाजावाजा कशाला? छेदाने तोटाही फार नाही म्हणा की. मला हा युक्तिवाद मुळातच उलटा वाटतो. धडधाकट बाईच्या अंगावर कात्री चालवायची तर फायदा दाखवण्याचं ओझं कात्री धरणाऱ्यावर आहे, न चालवणाऱ्यावर नाही. फायदा दिसला नाही, एवढं पुरेसं आहे. दुसरी शंका अधिक गंभीर होती. छेद टाळलेल्या गटात खोलवर फाटण्याचे चार प्रसंग झाले, दुसऱ्या गटात एक. हजारांत चार आणि एक यावरून काही ठरत नाही, पण दुर्लक्षही करता येत नाही. त्याचं उत्तर १९९३ मध्ये अर्जेंटिनातून आलं. तिथल्या २६०६ बायकांच्या चाचणीत एका गटात ८३ टक्क्यांना छेद घेतला, दुसऱ्यात ३० टक्क्यांना, आणि गंभीर इजा अनुक्रमे १.५ आणि १.२ टक्के झाल्या. तिसरी शंका नैतिक होती: कळा देणाऱ्या बाईच्या बाबतीत चिठ्ठ्या टाकायच्या? पण चिठ्ठ्या आधीच पडत होत्या. कुठल्या वॉर्डात खाट मिळते, कुठल्या पाळीला कोणती सुईण येते, यावर त्या बाईला छेद लागतो की नाही हे ठरत होतं. फरक इतकाच की त्या चिठ्ठ्यांतून कोणी काही शिकत नव्हतं.

आणखी एक आक्षेप बायकांच्या बाजूनेच येतो. बाळंतपणासारखा अनुभव टक्केवारीत बसवला की त्यातलं माणूस निघून जातं, असं अनेक कार्यकर्त्या म्हणत. त्यांची भीती मी समजू शकतो. आकड्यांनी बायकांना गप्प बसवल्याचे दाखले काही थोडे नाहीत. पण रेडिंगच्या चाचणीत काय मोजलं ते पाहा. त्यापूर्वीच्या प्रसूतिशास्त्रात मोजायची गोष्ट म्हणजे आई जगली का, मूल जगलं का. दहाव्या दिवशी तिला बसता येतं का, शय्यासुख पुन्हा सुरू झालं का, तीन वर्षांनी लघवी आवरते का, हे प्रश्न वैद्यकीय नियतकालिकाच्या तक्त्यात आले ते सुईण त्या बाईच्या घरी जाते म्हणून. ब्रिटनमध्ये बाळंतपणानंतर निदान दहा दिवस सुईण घरी येऊन पाहत असे. प्रसूतितज्ज्ञाची आणि बाईची भेट टाके घालून संपते; टाक्यांनंतरचं जग सुइणीने पाहिलेलं असतं. किट्झिंगर यांनी गोळा केलेली मनोगतं आणि स्लीप यांचा तक्ता यांत मला विरोध दिसत नाही. काय मोजायचं हे मनोगतांनी सांगितलं, आणि डावलता येणार नाही असं तक्त्याने केलं.

या सगळ्याची बेरीज १९८९ मध्ये झाली. चाल्मर्स, मरे एन्किन आणि मार्क केर्स यांनी गर्भारपण आणि बाळंतपण यांवरच्या चाचण्या शोधून, चाळून, दोन जाड खंडांत मांडल्या. शेवटी याद्या होत्या: काय उपयोगी, काय संशयास्पद, काय सोडून द्यावं. सोबत स्वस्तातली एक छोटी आवृत्ती निघाली आणि ती सुइणींच्या पिशवीतही गेली, गरोदर बायकांच्या हातातही. साथशास्त्रज्ञ आर्ची कॉक्रन यांनी १९७९ मध्ये वैद्यकाच्या सगळ्या शाखांत सर्वांत कमी शास्त्रीय म्हणून प्रसूतिशास्त्राला लाकडी चमचा, म्हणजे शेवटच्या नंबराचं थट्टेतलं बक्षीस, बहाल केला होता. या खंडांच्या प्रस्तावनेत त्यांनी तो परत घेतला. १९९३ मध्ये त्यांच्या नावाने जगभरच्या पुराव्यांचं संकलन सुरू झालं. म्हणजे आज हृदयविकारापासून दंतवैद्यकापर्यंत जी पद्धत चालते तिची पहिली मोठी तालीम बाळंतपणाच्या खोलीत झाली. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारच्या कंबरलेज समितीने निवड, सातत्य आणि नियंत्रण बाईच्या हाती असावं असं सांगितलं. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधलं छेदाचं प्रमाण पाचात एकीच्या आसपास उतरलं होतं.

आपल्याकडे हा इतिहास अर्धाच पोचला. ब्रिटिश काळात आलेलं सुइणीचं शिक्षण आणि मार्गारेट माइल्स यांचं १९५३ चं पाठ्यपुस्तक आपल्या नर्सिंग कॉलेजांत वाचलं गेलं, रिवाज घट्ट बसले. पण रिवाज तपासणाऱ्या चाचण्या त्या वेगाने आल्या नाहीत, आणि पहिलटकरणीला टाके पडणारच हे घरोघरी गृहीत धरलं जातं. प्रसूतीच्या खोलीत बाईसोबत तिचं माणूस असू द्यावं हा केंद्र सरकारचा निर्णय २०१६ चा, आणि सुइणींची स्वतंत्र सेवा उभारण्याची मार्गदर्शक तत्त्वं २०१८ ची. मात्र प्रश्न कोण विचारतं यावर काय दिसतं ठरतं, हे महाराष्ट्रात त्याच १९८९ साली सिद्ध झालं होतं. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. लॅन्सेटमध्ये हे छापून येईपर्यंत गावातल्या बाईचं आरोग्य म्हणजे पाळणा आणि कुटुंबनियोजन, एवढंच सरकारी हिशेबात होतं.

सुइणींचं संशोधन म्हणजे सुइणींचीच बाजू घेणारं, असा संशय साहजिक आहे. त्याला मी सर्वांत भक्कम उत्तर मानतो ते त्यांच्या स्वतःच्या पराभवांचं. बाळंतिणीने पाण्यात मीठ घालून बसावं, टाके लवकर भरतात, ही सुइणींची आवडती समजूत. स्लीप आणि ग्रँट यांनी १८०० बायकांत ती तपासली. मीठ घाला, जंतुनाशक घाला, काही घालू नका, दुखणं तेवढंच. बाळाचं डोकं येताना हात न लावता वाट पाहणं हे अनेक सुइणींना जास्त नैसर्गिक, म्हणून जास्त चांगलं वाटत होतं. १९९८ मध्ये ५४७१ बायकांच्या चाचणीत हात लावून आधार दिलेल्यांत दहाव्या दिवशी दुखत असलेल्या ३१.१ टक्के निघाल्या, हात न लावलेल्यांत ३४.१. फरक लहान, पण सुइणींच्या मताविरुद्ध. आणि सर्वांत मोठा प्रश्न वारेचा होता. इंजेक्शन देऊन वार लवकर काढायची, की ती आपोआप पडेपर्यंत थांबायचं? १९८८ च्या ब्रिस्टलच्या चाचणीत इंजेक्शनच्या गटात ५.९ टक्के बायकांना जास्त रक्तस्राव झाला, थांबलेल्या गटात १७.९ टक्के. सुइणी म्हणाल्या, तिथल्या सुइणींना थांबण्याची सवयच नव्हती, चाचणी न्याय्य नाही. मग जेन रॉजर्स आणि ज्युलिएट वुड या सुइणींनी हिंचिंगब्रुक रुग्णालयात, जिथे थांबण्याची पद्धत रुळलेली होती तिथे, १५१२ बायकांत तीच चाचणी पुन्हा लावली. १९९८ मध्ये उत्तर आलं: ६.८ आणि १६.५ टक्के. स्वतःच्या हरकतीचा इतका प्रामाणिक निकाल लावणारा दुसरा व्यवसाय मला चटकन आठवत नाही.

हा प्रामाणिकपणा सगळीकडे टिकला नाही. मोरकॅम बे इथल्या एका रुग्णालयातल्या माता आणि बाळांच्या मृत्यूंची चौकशी बिल कर्कप यांनी केली. २०१५ च्या अहवालात त्यांनी लिहिलं की तिथल्या काही सुइणी कुठल्याही किमतीवर नैसर्गिक प्रसूती या हट्टाला पेटल्या होत्या. २००५ पासून चाललेली नॉर्मल प्रसूतीची मोहीम ब्रिटनच्या सुइणींच्या संघटनेने २०१७ मध्ये थांबवली. इथे कोणी म्हणेल, पाहा, सुइणींना मोकळीक दिली की हे होतं. मला त्या अहवालात दुसरंच दिसतं. वस्तरा जसा एके काळी तपासणीच्या पलीकडे गेला होता, तशीच इथे नॉर्मल प्रसूती गेली. रेडिंगच्या लिफाफ्यात बाळाला धोका दिसला तर कात्री मोकळी होती. या वॉर्डांत ती अट पुसली गेली होती. अशीच दुसरी चौकशी श्रूजबरी आणि टेलफर्डच्या रुग्णालयांची. ती मुळात २३ कुटुंबांच्या तक्रारींवर सुरू झाली, आणि ती सुरू व्हावी म्हणून मूल गमावलेले आईबाप वर्षानुवर्षं पत्रं लिहीत होते. चौकशीच्या प्रमुख डॉना ऑकन्डेन या स्वतः सुईण. मार्च २०२२ मध्ये त्यांनी अंतिम अहवाल दिला तेव्हा कुटुंबांची संख्या १४८६ झाली होती आणि तपासलेल्या घटनांची १५९२. सिझेरियनचं प्रमाण कमी ठेवण्याचा तिथे अभिमान होता, हे त्यात आहे. आणि काहीतरी बिघडतंय असं आई सांगत असताना तिचं ऐकलं गेलं नाही, ही नोंद त्यात पुन्हा पुन्हा येते.